टेबलावरचे कैलासवासी

गावातल्या दोन मेलेल्या म्हाताऱ्यांवर सुवर्णाचा भारी राग होता. जिवंतपणी त्यांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. ती लग्न होऊन कवठे येमाईच्या पलीकडच्या या गावात आली तेव्हा रखमाजी आबा अंथरुणाला खिळले होते आणि मारुतराव आबा काठी टेकत हिंडत होते. दोघं सख्खे भाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलं ते कायमचं. धाकटा मारुतराव आधी गेला, तेव्हा थोरल्यानं खाटेवर पडल्या पडल्या तोंड भिंतीकडं फिरवलं म्हणतात. वर्षाच्या आत थोरलाही गेला. इथवर सगळं गावाच्या रीतीला धरून झालं. पण मेल्यावर हे दोघं सार्वजनिक वाचनालयात राहायला आले, आणि सुवर्णा तिथली ग्रंथपाल होती.

त्याचं असं झालं. रखमाजींचा मुलगा सर्जेराव हा वरच्या घराचा कर्ता आणि वाचनालयाचा अध्यक्ष. त्यानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला एक लोखंडी कपाट पुस्तकांनी भरून भेट दिलं. पंधरा दिवसांत मारुतरावांचा मुलगा रविराज, खालच्या घराचा, माजी सरपंच, त्याहून वीतभर उंच कपाट टेम्पोत घालून हजर. पुस्तकं दोघांनीही निवडली नव्हती. पुण्याच्या दुकानदाराला ‘कपाट भरंल एवढी द्या’ म्हणून सांगितलं, आणि त्यानं दुकानात पडून राहिलेलं सगळं आनंदानं दिलं. मग शिरूरच्या छापखान्यातून स्टिकर आले. वर फेटा बांधलेला फोटो, खाली ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. स्टिकर एवढे ऐसपैस की मुखपृष्ठावर चिकटवल्यावर पुस्तकाचं नाव गायब, लेखकाचं नाव गायब, नुसता म्हातारा शिल्लक. दोन कपाटं समोरासमोर उभी राहिली आणि अकरा वर्षं सुवर्णा त्यांच्यामधून झाडू मारत राहिली.

मानधन सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगत नाही. नवरा भारत कारेगावजवळच्या कंपनीत शिफ्टला जायचा, सासरी झेंडू-शेवंतीचं रान होतं, उपाशी कुणी नव्हतं. तिचा जीव जळायचा तो पुस्तकांसाठी. त्या दोन कपाटांतून इतक्या वर्षांत बोटावर मोजण्याइतकी पुस्तकं बाहेर गेली होती. जाणार कशी? दार उघडलं की शंभर फेटे एकदम अंगावर यायचे.

मागच्या वर्षी दौंडला ग्रंथपालांचं एक दिवसाचं शिबिर झालं. तिथं एका बाईंनी साधी गोष्ट सांगितली. गावातल्या बायकांचा वाचनकट्टा सुरू करा. त्यांनी महिन्याला एक पुस्तक निवडावं. तुम्ही दाराशी टेबल मांडा, मधोमध ते पुस्तक उभं करा, आणि त्याच्याशी नातं सांगणारी आठ पुस्तकं कपाटातून काढून भोवती ठेवा. वाचक कपाटापर्यंत येत नाही, टेबलापर्यंत येतो. सुवर्णानं हे वहीत लिहून घेतलं आणि परतीच्या एसटीत ती वही चार वेळा उघडून वाचली.

कट्टा मंगळवारी दुपारी तीनला बसू लागला. अकरा बायका. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मधेमधे भांडायचं. सगळ्यांत म्हातारी सिंधूबाई, अक्षरओळख जेमतेम, पण पुस्तकातल्या माणसांना शिव्या घालण्यात पहिली. आणि दोघी अशा, की त्या एका सतरंजीवर बसतात यावर गावात कुणी विश्वास ठेवला नसता. अपेक्षा ही सर्जेरावची सून, आणि हर्षदा ही रविराजची बायको. या दोन घरांत हळदीकुंकवाचंसुद्धा बोलावणं नव्हतं. पहिले दोन मंगळवार त्या एकमेकींकडं पाठ करून बसल्या. तिसऱ्या मंगळवारी अपेक्षा वाचत असताना हर्षदा म्हणाली, “मागं ये गं, एक ओळ सुटली तुझी.” अपेक्षा मागं आली, तिनं ती ओळ वाचली, आणि त्या दिवसापासून दोघी शेजारी बसू लागल्या.

सुवर्णाला टेबलाची काळजी होती ती यासाठी. टेबल गेलं तर कट्टा मोडणार, आणि कट्टा मोडला तर या दोघींना शेजारी बसायला अख्ख्या गावात दुसरी जागा नव्हती. खरं सांगायचं तर सुवर्णाला स्वतःलाही नव्हती.

पहिलं टेबल मांडून आठवडा होतो न होतो तोच माशी शिंकली. रविराजचा उजवा हात नवनाथ रोज वाचनालयात फुकटचा पेपर वाचायला यायचा. त्यानं पेपरच्या आडून टेबलावरचे फेटे मोजले. संध्याकाळी रविराजचा फोन.

“वहिनी, टेबलावर सर्जेरावआप्पांच्या बापाची सहा पुस्तकं आन् आमच्या आबांची दोनच? आमच्या कपाटाला काय वाळवी लागली का?”

“आवो, बायकांनी निवडलेल्या पुस्तकाला जी जुळली ती काढली. कुणाच्या कपाटातली ते न्हाई बघितलं.”

“तुमी बघत न्हाई. गाव बघतंय.”

पुढच्या महिन्यात खालच्या घराच्या कपाटातली पाच निघाली आणि वरच्या घराच्या कपाटातली तीन. या वेळी सर्जेराव स्वतः आला. हात मागं बांधून टेबलापुढं उभा राहिला.

“म्याडम, वाचनालयाचा अध्यक्ष कोण हाय?”

“तुमीच की, आप्पा.”

“मग अध्यक्षाच्या बापाला कोपऱ्यात का बसवलंय?”

कार्यकारिणीची बैठक झाली. दोन्ही घरांची माणसं वेगवेगळ्या वेळी येऊन सही करून गेली आणि ठराव झाला, की टेबलावर दोन्ही कपाटांतली पुस्तकं समसमान, चार आणि चार. कट्टा काय निवडतो, पुस्तकं कशावरची आहेत, हा विचार कुणाच्या डोक्याला शिवला नाही. परिणाम व्हायचा तो झाला. कट्ट्यानं नवऱ्यानं टाकलेल्या बाईची कादंबरी निवडली, तेव्हा समसमान करता करता तिच्या एका हाताला डाळिंबावरच्या तेल्या रोगाचं पुस्तक बसलं आणि दुसऱ्या हाताला घरगुती वायरिंगचं.

सिंधूबाई टेबलाकडं बघून म्हणाली, “हिला नवऱ्यानं टाकलं ते डाळिंबापायी व्हय?”

बायका पोट धरून हसल्या. सुवर्णाला हसू आलं नाही. तिच्या कामाची थट्टा झाली होती. हसणाऱ्यांवर तिचा राग नव्हता, ही पाळी आणणाऱ्या दोन घरांवर होता, आणि तो दिवसेंदिवस वाढत होता.

मग कट्ट्यानं एका नर्सचं आत्मकथन निवडलं. तालुक्याच्या दवाखान्यात तीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, लिहिणं रोखठोक. सुवर्णानं दोन्ही कपाटं तळापासून उपसली आणि नशिबानं दोन्हीकडं चार-चार चांगली पुस्तकं निघाली. एका सुईणीवरची कादंबरी, एका डॉक्टरीणबाईचं चरित्र, बाळंतिणीच्या आहाराचं, साथीच्या रोगांचं, अशी. ठरावही पाळला गेला आणि पुस्तकंही एकमेकांना शोभणारी. तिनं ती मांडली, चार पावलं मागं सरकली आणि बघितलं. आठ फेटे. चार थोरले, चार धाकटे. सुईण कुठली आणि डॉक्टरीण कुठली, काही कळायला मार्ग नव्हता.

तिचं डोकं फिरलं. तिनं ओलं फडकं आणलं, एकेका म्हाताऱ्याच्या तोंडावर घट्ट दाबून धरलं आणि कडेनं नख घालून स्टिकर सोलायला सुरुवात केली. रखमाजी अलगद सुटून आले. मारुतरावांचा डिंक चिवट होता. एका पुस्तकावर त्यांचा अर्धा चेहरा तसाच राहिला, एक डोळा आणि मिशीचं एक टोक. सुटलेले स्टिकर तिनं टाकून दिले नाहीत. आतल्या पहिल्या पानावर नीट चिकटवले. चार यांचे काढले, चार त्यांचे काढले. दोन्ही घरांशी सारखं वागलं म्हणजे दोन्ही घरं गप्प बसतील, अशी तिची समजूत. दोघांना सारखं वागवलं तर या गावात दोघांचाही सारखाच अपमान होतो, हे एवढी वर्षं इथं काढूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

मंगळवारी टेबलाभोवती झुंबड उडाली. नावं दिसत होती, चित्रं दिसत होती. “अगं, हे आपल्याकडं होतं?” असं जी ती म्हणत होती. अपेक्षानं सुईणीची कादंबरी उचलली, हर्षदानं डॉक्टरीणबाईचं चरित्र. कुठलं पुस्तक कुणाच्या घरचं, हे वरून सांगायला काही उरलं नव्हतं. पहिलं पान उघडल्यावर दोघींना ते दिसलंच असणार, पण दोघीही त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. गुरुवारपर्यंत टेबल जवळजवळ रिकामं झालं. सुवर्णानं आणखी आठ पुस्तकं सोलली आणि मांडली. तीही गेली. मागं राहिलं ते एकच, अर्ध्या चेहऱ्याचं.

नवनाथनं नेमका त्याचाच फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. ‘आबांचं तोंड फाडणाऱ्या ग्रंथपालाचा जाहीर निषेध.’ तासाभरात वरच्या घरातून कुणीतरी खाली लिहिलं, ‘आमच्याही आबांना काढलंय. निषेध.’ कित्येक वर्षांत त्या दोन घरांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं ते हे.

भारत कंपनीतून आला तो हे सगळं वाचूनच. जेवता जेवता म्हणाला, “माफी माग आन् मोकळी हो. आपलं रान त्यांच्या पाटाला लागून हाय.”

“माफी मागण्यासारखं काय केलंय मी?”

“ते मला नको इचारू,” तो म्हणाला आणि त्यानं आणखी एक भाकरी घेतली. सुवर्णाला त्याचाही राग आला.

बैठक मुद्दाम मंगळवारी तीनला ठेवली, कट्टा बसू नये म्हणून. बायका तरी आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. आत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सर्जेराव आणि रविराज शेजारी शेजारी बसले होते. एकमेकांकडं बघत नव्हते. दोघंही सुवर्णाकडं बघत होते. कोपऱ्यात नवनाथ इतिवृत्ताची वही उघडून बसला होता.

“म्याडम,” सर्जेराव म्हणाला, “माझ्या बापाचं नाव पुसायचा अधिकार तुमाला कुणी दिला?”

“पुसलं न्हाई, आप्पा. आत लावलंय. पुस्तकाचं नाव झाकलं जात हुतं.”

“पुस्तक हितं आलं कुणामुळं? मग नाव कुणाचं दिसाया पायजे?”

“आमच्या आबांना तर एकच डोळा ठिवलाय,” रविराजनं ते पुस्तक तिच्या तोंडापुढं नाचवलं. “बघा, कसं बघत्यात तुमच्याकडं!”

दारात सिंधूबाईला हसू फुटलं. सर्जेराव गर्रकन वळला. “बायकांनी घरी जायाचं. कट्टा आजपासून बंद, टेबल बंद. आन् म्याडम, तुमी घरी बसून झेंडूचे हार करा. पुस्तकं तुमच्या जोगी न्हाईत.”

सुवर्णाच्या कानशिलांत आग पेटली. भीती होती, पण त्याहून राग मोठा होता.

“आप्पा, अकरा वर्षांत त्या कपाटातलं एक तरी पुस्तक तुमी उघडलंत? न्हाई उघडलं. रविराजभाऊ, तुमीबी न्हाई. देवघेवीच्या रजिस्टरात तुमा दोघांच्या नावावर एक ओळ न्हाई. तुमच्या बापांना मी न्हाई झाकलं. तुमी कोंडून ठिवलं हुतं.”

“तोंड सांभाळ!” सर्जेराव उठून उभा राहिला. ‘म्याडम’ म्हणणं सोडून तो एकेरीवर आला. “नवनाथ, लिही ठराव. ग्रंथपाल कमी करायची. पण अशी सोडायची न्हाई. माझ्या आबांचं एकेक पुस्तक जाग्यावर आलं पायजे. सगळी भरल्याबिगर हिचा चार्ज घ्यायचा न्हाई. एक जरी कमी निघालं तरी पोलिसात देतो.”

“आमच्या आबांचंबी तसंच लिही,” रविराज म्हणाला.

नवनाथनं शब्दाला शब्द लिहिला. दोघांनी एकाखाली एक सह्या ठोकल्या.

“आता सांग, कुठं हायती पुस्तकं?” सर्जेराव गुरकावला.

सुवर्णानं रजिस्टर उघडलं आणि दारातल्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागली. “सुईणीची कादंबरी, मारुतराव आबांच्या कपाटातली. नेली अपेक्षानं, वरचं घर. डॉक्टरीणबाईचं चरित्र, रखमाजी आबांचं. नेलं हर्षदाताईंनी, खालचं घर.”

सर्जेरावनं रजिस्टर स्वतःकडं ओढलं.

“त्या म्हाताऱ्याचं पुस्तक माझ्या घरात?” सर्जेराव म्हणाला.

रविराज ताडकन उठला. “कुणाला म्हातारा म्हंता? तोंड आवरा, सांगून ठिवतो.” इतक्या वर्षांनी चुलतभावांनी एकमेकांना उद्देशून उच्चारलेले हे पहिले शब्द.

सर्जेरावनं सुनेकडं बघितलं. “खरंय का हे?”

“व्हय मामा,” अपेक्षा दारातून म्हणाली. “उशाशीच हाय.”

“आत्ताच्या आत्ता आन आन् त्यांच्या दारात फेक.”

“निम्मं वाचायचं राह्यलंय. शनिवारपतोर मुदत हाय.”

“घरी चल. मग सांगतो तुला मुदत.” आणि रविराजकडं वळून, “तुझ्या बायकोला सांग माझ्या बापाचं पुस्तक आनून द्याया.”

“आमच्या उंबऱ्यावर या मागायला,” रविराज म्हणाला. “आबांच्या मयतीला आला न्हाईत, आता या.”

दोघंही तणतणत निघून गेले. जाताना सर्जेरावनं टेबलाला लाथ घातली, ते आडवं झालं. सुवर्णानं ते उचलून भिंतीला लावलं. मग तिनं इतिवृत्ताच्या वहीतला ठराव दोनदा वाचला. सगळी पुस्तकं भरल्याशिवाय चार्ज घेऊ नये. बायकांकडं पुस्तकं आहेत तोवर आपल्याला कुणी हलवू शकत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. त्यात आनंद मानावा असं मात्र काही नव्हतं. टेबल बंद, कट्टा बंद, आणि अपेक्षाचं घरी काय होत असेल या विचारानं तिला जेवण जाईना.

शनिवारी दुपारी अपेक्षा आली. डोळे सुजलेले. पदराआडून तिनं सुईणीची कादंबरी काढून काउंटरवर ठेवली. कोपऱ्यात नवनाथ पेपर वाचत होता, म्हणजे वाचत नव्हता.

“ताई, परत घ्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “चार दिस झालं, घरात कुणी बोलत न्हाई माझ्याशी. मामा म्हणाले, आज संध्याकाळी त्या घरचं पुस्तक माझ्या छताखाली दिसलं तर तुला माहेरी धाडतो. माझं वाचून झालंय. पर मन भरलं न्हाई.”

सुवर्णानं पुस्तकाला हात लावला नाही. हे घेतलं की एक कमी झालं, मग दुसरं, मग आपला चार्ज, मग संपलं सगळं. पण ही पोरगी माहेरी गेली तर त्याहून जास्त संपलं. तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि रजिस्टरमध्ये ‘परत’ लिहिलं. लिहिताना तिला रडू कोसळेल असं वाटलं.

तेवढ्यात दारात हर्षदा दिसली, हातात डॉक्टरीणबाईचं चरित्र. घरी तिची गत काही वेगळी नव्हती. रविराज तिच्या हातचा चहासुद्धा घेत नव्हता. “न घेऊ दे, दूध वाचतंय,” ती म्हणाली आणि चरित्र काउंटरवर आदळलं. “माझं झालं वाचून. ते सुईणीचं आलंय का? ते माझ्या नावावर टाका.”

“तुमी आपल्याच घरचं पुस्तक नेताय, ताई,” सुवर्णा म्हणाली.

“मग? माझ्या सासऱ्याचं हाय. माझ्या घरात माझ्या सासऱ्याला कोण अडवतंय बघू.”

सुवर्णाचा पेन थांबला. तिनं हर्षदाकडं बघितलं, मग अपेक्षाकडं, मग काउंटरवरच्या चरित्राकडं. ते रखमाजी आबांच्या कपाटातलं होतं, म्हणजे अपेक्षाच्याच घरचं. तिनं घाईघाईनं हर्षदाच्या नावापुढं कादंबरी चढवली, चरित्र ‘परत’ केलं आणि खालच्या ओळीत अपेक्षाचं नाव लिहिलं.

“हे तू ने,” तिनं चरित्र अपेक्षाच्या हातात दिलं. “पंधरा दिवसांनी दोघी या आन् आपापल्या घरचं दुसरं घ्या. तोवर एकमेकींना सांगा, काय वाचलं ते. हितंच बसून सांगा.”

अपेक्षानं पहिलं पान उघडलं, बघितलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं.

सुवर्णानं मान वर केली आणि कोपऱ्यातल्या पेपरला हाक मारली.

“नवनाथ, पेपर ठेव आन् फोटो काढ. टाक ग्रुपवर. सर्जेरावआप्पांना कळव, त्यांचे आबा सुनेसंगट घरी निघाल्यात. उंबऱ्यावर अडवायचं का आत घ्यायचं, ते त्यांनी ठरवावं म्हणावं.”